बाल्साच्या विमानाचं कव्हरिंग: आधी काटा, मग रंग

बाल्साचा, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाचा, सांगाडा हाती घेतलेला माणूस कव्हरिंगबद्दल, म्हणजे त्यावर चढवायच्या आवरणाबद्दल, विचारतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात रंग आधीच ठरलेला असतो. लाल पंख, पिवळी शेपटी, बाजूला दोन पट्टे. रंगाला माझा विरोध नाही. पण कव्हरिंग हा विमानाच्या रचनेचा भाग आहे. ते पंखाला पिळापासून वाचवतं किंवा स्वतःच पीळ देतं, वजनाचा मध्य पुढेमागे सरकवतं, आणि विमान किती वेळ हवेत राहील हे बऱ्याच अंशी ठरवतं. म्हणून पहिली रिब (पंखाला आकार देणारी आतली आडवी पट्टी) कापण्याआधी कव्हरिंग ठरवावं असं मी आग्रहाने सांगतो. जाड फिल्म तापवून ताणायची असेल तर ट्रेलिंग एज, म्हणजे पंखाची मागची कड, जाड हवी. टिश्यू, म्हणजे पातळ कागद, लावायचा असेल तर तीच निम्म्या लाकडात होते.

हा लेख पहिल्या-दुसऱ्या विमानावर असलेल्यांसाठी आहे: रबरावर उडणारी मॉडेल्स, हाताने फेकायची ग्लायडर्स आणि छोटी इलेक्ट्रिक रेडिओ कंट्रोल विमानं. एनसीसीच्या एअर विंगमधले कॅडेट्स आणि एसएई एअरो डिझाइन या स्पर्धेसाठी विमान बांधणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पायरी १: क्षेत्रफळ मोजा आणि वजन करा

एक काटा विकत घ्या. सोनाराकडे असतो तसा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा फार महाग नसतो. या छंदात ब्लेडनंतर मी त्यालाच सर्वांत गरजेचं हत्यार मानतो.

कव्हरिंगचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. पाकिटावर आकडा नसेल तर ५० सेंमी बाय ५० सेंमीचा तुकडा कापून वजन करा आणि चारने गुणा. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं वजन नुसत्या जाडीवरूनही काढता येतं. मायक्रॉनमधल्या जाडीला १.४ ने गुणा. ५ मायक्रॉनची फिल्म ७ ग्रॅम, १२ मायक्रॉनची साधारण १७ ग्रॅम.

आता एक खरं उदाहरण घेऊ. पी-३० हा नवशिक्यांसाठी उत्तम असा रबर मॉडेलचा वर्ग आहे. पंखांचा विस्तार आणि विमानाची लांबी, दोन्ही जास्तीत जास्त ३० इंच, म्हणजे ७६ सेंमी. रबर सोडून विमानाचं वजन किमान ४० ग्रॅम, आणि रबर जास्तीत जास्त १० ग्रॅम. समजा पंख ७५ सेंमी लांब आणि ११.५ सेंमी रुंद आहे, टेलप्लेन (शेपटीचा आडवा पंख) ३० बाय ८, फिन (शेपटीचा उभा पंख) १० बाय ९, आणि फ्युजलाज (विमानाचं धड) ६० सेंमी लांबीची, ३ सेंमीची चौकोनी पेटी. सगळ्या बाजू धरून झाकायचं क्षेत्रफळ येतं सुमारे ०.३१ चौरस मीटर.

चांगला जॅपनीज टिश्यू १२ ग्रॅमच्या आसपास असतो. त्यावर डोपचे, म्हणजे कागद घट्ट करून त्याची छिद्रं बुजवणाऱ्या लॅकरचे, दोन पातळ हात धरले तर १८ ग्रॅम होतील, म्हणजे या विमानाला साडेपाच ग्रॅम कव्हरिंग. नेहमीची इस्त्रीने लावायची रंगीत फिल्म ६० ग्रॅमची धरली तर साडेअठरा ग्रॅम. फरक १३ ग्रॅमचा, आणि तोही ४० ग्रॅमच्या विमानात.

पण हिशेब इथे संपत नाही. विमानाचा वजनमध्य नाकापासून १५ सेंमीवर आणि शेपटीपासून ४५ सेंमीवर असेल, तर शेपटीवरच्या प्रत्येक जादा ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम शिसं लागतं. वरच्या विमानात नुसत्या टेलप्लेन आणि फिनवर टिश्यूऐवजी फिल्म लावली तरी शेपूट सुमारे पावणेतीन ग्रॅमने जड होते. त्यासाठी नाकात सव्वाआठ ग्रॅम टाकावे लागतील. ४० ग्रॅमचं विमान बघता बघता ६१ ग्रॅमचं झालं. रबरातली ऊर्जा मात्र तेवढीच आहे. रबरासकट ५० ग्रॅमचे ७१ झाले, की चढाईची उंची ढोबळमानाने ३० टक्क्यांनी घटते, आणि खाली उतरण्याचा वेगही वाढतो.

म्हणून कव्हरिंग निवडताना पहिला निर्णय शेपटीचा घ्यावा. पंखावर एक आणि शेपटीवर त्याहून हलकं, असं करायला काहीच हरकत नाही.

पायरी २: विमान काय काम करणार ते ठरवा

रबर मॉडेल आणि छोटं फ्री फ्लाइट (सोडल्यावर आपोआप उडणारं) ग्लायडर असेल तर टिश्यू किंवा अतिशय पातळ पॉलिएस्टर फिल्म. एक मीटरच्या आसपासचं हलकं इलेक्ट्रिक विमान असेल तर ३५ ते ४५ ग्रॅमची हलकी फिल्म, किंवा हौस असेल तर टिश्यू. दीड मीटरचा ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, असेल तर नेहमीची फिल्म खुशाल लावा. तिथे ३० ग्रॅम जास्त झाल्याने फारसं बिघडत नाही आणि दगडगोट्यांच्या मैदानावर उतरताना पोट फाटत नाही. कंट्रोल लाइनचं, म्हणजे तारांनी धरून गोल उडवायचं, ग्लो इंजिन असलेलं विमान असेल तर आणखी एक प्रश्न येतो, तो इंधनाचा. ग्लो इंधनातलं मिथेनॉल नायट्रेट डोप विरघळवतं. अशा विमानाला फिल्म लावा, किंवा टिश्यू अथवा रेशमावर इंधनाला दाद न देणारा शेवटचा हात द्या.

पायरी ३: साहित्य ओळखा

टिश्यूपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते पहिलं हलकं विमान टिश्यूचंच असावं. तो स्वस्त आहे आणि सांगाड्याला खरा ताठरपणा देतो. कागदाचे तंतू पाण्याने आवळतात, डोपने एकमेकांना घट्ट धरतात, आणि हाताने सहज पिळता येणारा पंख कव्हरिंगनंतर पिळायला नकार देतो. फिल्मने ही ताकद एवढी येत नाही. नुसत्या फिल्मवर जगणारा पंख आतून मजबूत बांधावा लागतो, तिरप्या रिब टाकाव्या लागतात, आणि वाचलेलं वजन लाकडात जातं. टिश्यूचा मोठा दोष म्हणजे तो ठिसूळ असतो. वाळलेल्या गवताची काडीसुद्धा त्याला भोक पाडते.

भेटवस्तू गुंडाळायचा स्टेशनरीतला टिश्यू चालतो का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. तो साधारण १७ ते २० ग्रॅमचा असतो आणि ओला झाला की बऱ्याचदा लगदा होतो. एक तुकडा पाण्याने भिजवून दोन्ही हातांनी हलकेच ओढून पाहा. टिकला तर वापरा. रंग बोटाला लागला तर तो डोपमध्येही पसरेल, हे गृहीत धरा. पतंगाचा कागद मात्र बहुधा जड आणि गुळगुळीत असतो, पाण्याने फारसा आवळत नाही. सरावाच्या ग्लायडरला ठीक, पण आधी ताव काट्यावर ठेवा.

पॉलिस्पॅन हे दिसायला कागदासारखं, पण पॉलिएस्टरच्या न विणलेल्या तंतूंचं असतं. डोपने चिकटवतात, इस्त्रीने आवळतात. २० ते २५ ग्रॅम. पाण्याने भिजून फाटत नाही, आणि पावसाळी हवेत टिश्यूइतकं सैल पडत नाही. त्याची छिद्रं बुजवायला डोपचे जास्त हात लागतात, तिथे वजन वाढतं. मोठ्या फ्री फ्लाइट ग्लायडरला हे फार शोभतं. युरोपातल्या जुन्या आराखड्यांवर लाइटस्पॅन हे नाव दिसेल. ते ३० ग्रॅमच्या आसपासचं, मागे गोंद नसलेलं कव्हरिंग. सांगाड्याला उष्णतेने चिकटणारा गोंद लावून मग त्यावर इस्त्री फिरवायची.

इस्त्रीच्या फिल्ममध्ये ओराकव्हर, अल्ट्राकोट, मोनोकोट ही नावं वारंवार कानावर येतील. नेहमीचा प्रकार साधारण ६० ते ७० ग्रॅमचा असतो. अपारदर्शक रंगात रंगद्रव्य जास्त असल्याने तो पारदर्शकापेक्षा जड भरतो. एकाच कंपनीच्या दोन रंगांच्या वजनातही फरक असतो, तेव्हा दुकानात रंग पाहून थांबू नका. याच कंपन्यांचे हलके प्रकार ३५ ते ४५ ग्रॅमचे असतात. पहिल्या इलेक्ट्रिक विमानाला मी नेहमी पारदर्शक हलकी फिल्म सुचवतो. रिब दिसतात, वजन कमी राहतं, आणि आत काही मोडलं तर बाहेरून कळतं.

नुसती पॉलिएस्टर फिल्म, जिला सगळे मायलर म्हणतात, ती हलकेपणात सगळ्यांच्या पुढे आहे. मागे गोंद नसतो, आपण लावायचा. तिची एक सुंदर जोडी टिश्यूशी जमते. आधी सांगाड्यावर ५ मायक्रॉनची मायलर लावून इस्त्रीने आवळायची, मग तिच्यावर टिश्यू ठेवून पातळ डोप झिरपवायचा. टिश्यूचा ताठरपणा आणि मायलरचा चिवटपणा एकत्र मिळतो, आणि छिद्रं बुजवायची नसल्याने डोपही थोडा लागतो. पहिल्याच विमानाला मात्र हे करू नका.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पाठपिशवीत चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट असतं. तीही पॉलिएस्टर फिल्मच, बहुधा १२ मायक्रॉनची. ट्रेकिंगच्या दुकानात सहज मिळते आणि छोट्या ग्लायडरवर छान बसते. पण तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो. रेडिओ कंट्रोल विमानात रिसीव्हरची अँटेना तिच्या आत बंद करू नका.

छापखान्यात पुस्तकांची मुखपृष्ठं लॅमिनेट करायला रोलवरची पातळ थर्मल फिल्म वापरतात. तिच्या मागे उष्णतेने वितळणारा गोंद आधीच असतो. ओळखीच्या छापखान्यातून मीटरभर मागून आणा. पॉलिएस्टरची मिळाली तर उत्तम. पॉलिप्रॉपिलीनची असेल तर ती कमी तापमानालाच आवळते आणि जरा जास्त उष्णता झाली की भोक पडतं, म्हणून आधी फालतू चौकटीवर करून पाहा. ओळखपत्राला लावतात ती पाऊच फिल्म इथे कामाची नाही, ती फार जाड असते.

पॅकिंगची रंगीत चिकटपट्टी फोमच्या विमानांवर सर्रास लावतात. उघड्या बाल्सा सांगाड्यावर लावू नका. रिबच्या मधे तिचा गोंद उघडा राहतो, त्यावर धूळ बसते, आणि ताण एकसारखा येत नाही.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला एफ१डी ही बंदिस्त जागेत उडणारी विमानं आहेत: विस्तार ५५ सेंमी, रबराशिवायचं वजन किमान १.४ ग्रॅम. पूर्वी त्यांचं कव्हरिंग नायट्रोसेल्युलोजचं द्रावण पाण्यावर ओतून बनवत, आणि तरंगणाऱ्या पापुद्र्यावर उमटणाऱ्या इंद्रधनुषी रंगांवरून जाडी ओळखत. रुमानियातल्या स्लॅनिकच्या मिठाच्या खाणीत या विमानांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. तिथे एकेक उड्डाण मिनिटांच्या मिनिटं चालतं.

पायरी ४: सांगाडा घासा

इथे कंटाळा करू नका. कव्हरिंग कुठलंही असो, प्रत्येक उंचवटा वर दिसतो. ३२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट पट्टीला चिकटवून पूर्ण पंखावरून लांब हात फिरवा. नुसत्या बोटांनी घासलं तर रिबच्या मधे खळगे पडतात. गोंदाचे थेंब ब्लेडने काढा, नंतर मऊ ब्रशने धूळ झटका. टिश्यू लावणार असाल तर जिथे कागद चिकटणार त्या कडांना पातळ डोपचे दोन हात द्या आणि मधे हलकं घासा. पुढचं काम निम्मं सोपं होतं.

पायरी ५: टिश्यू लावणे

कागदाला ग्रेन असतो. कोपऱ्यातून एक पट्टी फाडा. ज्या दिशेने ती सरळ फाटत जाते ती ग्रेनची दिशा. पंखावर ग्रेन टोकापासून टोकापर्यंत आणि फ्युजलाजवर नाकाकडून शेपटीकडे ठेवायचा. कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त आवळतो, त्यामुळे उलटा लावला तर रिबच्या मधे खोल झोळ पडतात. एक बाजू चकचकीत असेल तर ती बाहेर.

पंखाची खालची बाजू आधी. कागद सगळीकडून दोन-अडीच सेंमी जास्त कापा. चिकटवायला ग्लू स्टिक उत्तम: कडेवर पातळ फिरवा, कागद ठेवा, मधून बाहेर हलक्या हाताने ओढत सुरकुत्या काढा. पांढरा फेव्हिकॉल निम्मं पाणी घालून ब्रशने लावला तरी चालतो, पण ओल्या कडेने कागद लगेच मऊ पडतो, म्हणून हात भरभर हवा. खालची बाजू आतल्या बाकाची असेल तर प्रत्येक रिबला चिकटवा, नाहीतर आवळताना कागद रिब सोडून सरळ होतो. वरच्या बाजूला फक्त कडा पुरतात. विंग टिपचा दुहेरी गोलावा एकाच तुकड्यात बसवण्याचा हट्ट धरू नका, वेगळा तुकडा लावा. कडा कापायला नवं ब्लेड घ्या. बोथट ब्लेड कागद कापत नाही, ओढून फाडतं.

आता पाणी. अत्तराच्या जुन्या बाटलीचा बारीक फवारा चांगला. कागद ओलसर व्हावा, थेंब ओघळू नयेत. ओला पंख ताबडतोब सपाट फळीवर टाचण्यांनी धरा, खाली छोट्या बाल्साच्या पट्ट्या ठेवा म्हणजे खालच्या बाजूलाही हवा लागेल. पंखाच्या टोकाला मागची कड किंचित वर हवी असेल तर तिथे दोन-तीन मिलीमीटरची पट्टी आत्ताच सरकवा. वाळताना जो आकार असेल तोच पुढे राहतो. पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो रात्रभर, हात लावू नका. टेलप्लेन फारच नाजूक असेल तर कागद आधी वेगळ्या चौकटीवर ताणून, भिजवून, वाळवून घ्या आणि मग लावा. त्यामुळे आवळण्याचा जोर सांगाड्यावर येत नाही.

पायरी ६: डोप

परदेशातून डोप मागवणं अवघड, कारण ते ज्वालाग्राही आहे. लाकडाच्या पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात क्लिअर एनसी लॅकर मिळतं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच, त्यामुळे नायट्रेट डोपच्या जागी ते चालतं. एनसी सँडिंग सीलर मात्र घेऊ नका. त्यात भरणीची पूड असते आणि वजन वाढतं. लॅकरमध्ये तेवढंच एनसी थिनर मिसळा. ३० मिलीलिटरला चार-पाच थेंब एरंडेल घाला. एरंडेलाने थर लवचिक राहतो, नंतर महिनोन्‌महिने आवळत जाऊन पंख वाकडा करत नाही. मऊ रुंद ब्रशने एकाच दिशेने पातळ हात द्या, त्याच जागी पुन्हा ब्रश नेऊ नका. छोट्या विमानाला एक किंवा दोन हात पुरे. चमक येईपर्यंत हात चढवत बसणं म्हणजे काट्यावर वाचवलेलं सगळं परत देणं.

खिडक्या उघड्या ठेवा. घरात देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस, काहीही पेटलेलं नको. वाफ जड असते आणि जमिनीलगत दूरपर्यंत पसरते.

जून ते सप्टेंबरमध्ये कोकणात आणि मुंबईत डोप लावायचा मोह टाळा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पारदर्शक थर पांढुरका पडतो. तसं झालंच, तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका हात दिल्याने बहुधा तो निघतो. पावसाळ्यात डोप न लावलेला टिश्यू दुपारी ढोलासारखा आणि संध्याकाळी सैल, असं होत राहतं. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी म्हणूनच पॉलिस्पॅन किंवा फिल्मचा आधी विचार करावा.

पायरी ७: फिल्म लावणे

फिल्मची सगळी कला तापमानात आहे. गोंद वितळतो ते तापमान कमी असतं, फिल्म आवळते ते त्याहून बरंच जास्त. कंपनीने दोन्ही आकडे दिलेले असतात. घरातल्या कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान फार खालीवर होतं आणि वाफेची भोकं फिल्मवर उमटतात. वाफ नसलेली प्रवासी इस्त्री चालते, मॉडेलिंगची छोटी इस्त्री उत्तम. फालतू लाकडावर तुकडा लावून तुमच्या इस्त्रीची खूण कुठे येते ते आधी पक्कं करा.

मागचा संरक्षक थर काढा. नवखे लोक हे खरोखर विसरतात. मग कमी तापमानावर आधी मधल्या रिबशी, नंतर टोकाशी, मग पुढची आणि मागची कड थोड्या थोड्या अंतरावर टेकवत जा. सगळी कड पक्की चिकटल्यावरच तापमान वाढवा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर पंख पहिल्या बाजूकडे वाकतो. वर थोडं, खाली थोडं, असं आलटून पालटून करा. हॉट एअर गन हलक्या सांगाड्यावर नकोच: क्षणात ट्रेलिंग एज लाटेसारखी होते.

पीळ आलाच तर घाबरायचं कारण नाही. पंख उलट्या दिशेने थोडा जास्त पिळून धरा, सुरकुत्या पडतील, त्या इस्त्रीने काढा, गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. दोन माणसं असली तर हे काम फार सोपं होतं. गडद रंगाची फिल्म विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवली की पुन्हा सैल पडते. मैदानावर विमान सावलीत ठेवा.

पायरी ८: पुन्हा काटा, पुन्हा वजनमध्य

कव्हरिंगआधी प्रत्येक भागाचं वजन लिहून ठेवलेलं असेल तर आता किती वाढलं ते लगेच दिसतं. टेलप्लेन अपेक्षेपेक्षा जड आलं तर नाकात शिसं टाकण्याआधी ते सोलून पुन्हा हलकं कव्हर करा. एका संध्याकाळचं काम आहे. मग पंख डोळ्यासमोर धरून मागून पाहा. दोन्ही बाजूंच्या ट्रेलिंग एज सारख्या दिसल्या पाहिजेत.

दुरुस्तीसाठी मैदानावर त्याच टिश्यूचे थोडे तुकडे, ग्लू स्टिक आणि नवं ब्लेड न्या. भोकाच्या कडा गोल कापा, म्हणजे चीर पुढे जात नाही. ठिगळ भोकापेक्षा पाच-सहा मिलीमीटर मोठं ठेवा आणि त्याचा ग्रेन मूळ कागदाच्याच दिशेने लावा. फिल्मला पारदर्शक चिकटपट्टी दिवसभरापुरती चालते. घरी आल्यावर ती काढा, गोंदाचे डाग थिनरच्या कापडाने हलकेच पुसा आणि त्याच रंगाच्या फिल्मचं गोल ठिगळ कमी तापमानावर इस्त्रीने बसवा.